मिशा नसलेलं वाघाचं कातडं: शिकारीच्या खुणा साधन म्हणून कशा वाचायच्या?

सिनॉप्सिस लिहायला बसलं की एक प्रश्न हमखास येतो. विषय मिळाला, पण साधनं कुठे आहेत? त्यातही विषय आदिवासींचा, गावकऱ्यांचा, मजुरांचा असेल तर गाईड हेच विचारतात आणि आरएसीतही पहिला प्रश्न हाच असतो. ज्यांनी स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही, त्यांचा इतिहास कशाच्या आधारावर लिहिणार? याचं एक उत्तर आज जरा आडवाटेने देतो. ही वाट शिकारीची आहे आणि ती वाघाच्या मिशांपासून सुरू होते.

शिकार साधली की माणूस काहीतरी खूण ठेवतो. हे जगभर दिसतं. अमेरिकेत टर्की मारणारे शिकारी तिच्या शेपटीचा पंखा पसरून भिंतीवर लावतात, छातीवरचा केसांचा झुपका (त्याला ते 'दाढी' म्हणतात) आणि पायाची नखी जपून ठेवतात. जर्मनीत मारलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, त्याचा शेवटचा घास म्हणून, आणि दुसरी डहाळी शिकाऱ्याच्या टोपीत खोवतात. इंग्लंडात कोल्ह्याच्या शिकारीत पहिल्यांदा आलेल्या पोराच्या गालाला कोल्ह्याचं रक्त फासायची रीत होती. वरवर पाहिलं तर या हौशी, घरगुती गोष्टी. पण खूण म्हणजे दावासुद्धा असतो, हे लक्षात घ्या. 'हे मी मारलं' असं ती सांगते. आणि एकाच जनावरावर दोन वेगळ्या लोकांनी दोन वेगळ्या खुणा केल्या, तर इतिहासकाराला तिथे थांबावंच लागतं.

आपल्याकडे, म्हणजे नागपूर ज्याची राजधानी होती त्या जुन्या मध्य प्रांतात, नेमकं हेच झालं.

मध्य प्रांत १८६१ साली तयार झाला. पुढच्या काही वर्षांत सर्व्हे, सेटलमेंट आणि जंगल खात्याचे अधिकारी सातपुड्यात, मंडल्यात, चांद्यात तंबू टाकून फिरू लागले. काम सरकारी, पण खांद्यावर रायफल असायचीच. कॅप्टन जेम्स फोर्सिथचं 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' १८७१ साली आलं, त्याच वर्षी तो वारला. स्टर्नडेलचं सिवनीवरचं पुस्तक १८७७ चं. जंगल खात्यातल्या डनबर ब्रँडरचं 'वाइल्ड अ‍ॅनिमल्स इन सेंट्रल इंडिया' १९२३ चं. ही पुस्तकं तुमच्यापैकी कित्येकांनी ग्रंथसूचीत टाकली असतील. आतून किती जणांनी वाचली, ते मी विचारत नाही.

साहेबाच्या खुणा या पुस्तकांत भरपूर सापडतात. पहिली खूण माप. वाघ पडला की टेप निघायची. माप घ्यायच्या दोन पद्धती होत्या आणि त्यावरून साहेब लोक चक्क भांडायचे. एक पद्धत अशी: वाघ ताणून झोपवायचा, नाकाच्या टोकाशी एक खुंटी, शेपटीच्या टोकाशी दुसरी, आणि दोन खुंट्यांमधलं सरळ अंतर मोजायचं. दुसऱ्या पद्धतीत टेप पाठीच्या वळणावरून फिरवायची, म्हणजे तोच वाघ काही इंच लांब भरायचा. ब्रँडर खुंट्यांच्या बाजूचा. त्याने ४२ वाघांची वजनं नोंदवली, सरासरी ४२० पौंड. वाघिणी ३९, सरासरी २९० पौंड. व्हाइसरॉयच्या शिकारीसाठी खास टेप ठेवलेली असते आणि तिच्यातला फूट अकरा इंचांचा असतो, ही थट्टा त्या काळात चालायची. खरी असो नसो, मापाला किती महत्त्व होतं ते तिच्यातून कळतं. १८९२ पासून लंडनच्या रोलंड वॉर्डचं विक्रमांचं पुस्तक निघू लागलं आणि इंचांना प्रतिष्ठा आली.

दुसरी खूण फोटो. तो सगळ्यांनी पाहिलेला आहे: वाघ आडवा, साहेब उभा किंवा खुर्चीत, मागे हाकाऱ्यांची रांग. साहेबाचं नाव खाली छापलेलं, हाकाऱ्यांपैकी एकाचंही नाही. तिसरी खूण कातडं आणि मुंडकं. ते कमवायला पाठवायचं आणि परत आल्यावर भिंतीवर लावायचं. या कामासाठी म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीचं नाव देशभर होतं.

आता दुसऱ्या बाजूला या.

याच पुस्तकांमध्ये एक सूचना पुन्हा पुन्हा भेटते. वाघ पडला की त्याच्याजवळ ताबडतोब विश्वासू माणूस बसवा, नाहीतर कॅम्पला पोचेपर्यंत मिशा गेलेल्या असतील. नखं मोजून घ्या, पुढच्या पायांची पाच-पाच, मागच्यांची चार-चार, एकूण अठरा. चरबीवर लक्ष ठेवा. लेखक कधी चिडून लिहितो, कधी हसून. पण तक्रार तीच: 'नेटिव्ह' लोक अंधश्रद्धेपायी चांगल्या कातड्याचा सत्यानाश करतात.

माझं म्हणणं असं की गावकऱ्यांचा इतिहास या तक्रारीत आहे. अट एकच: तक्रारकर्त्याने दिलेलं नाव जसंच्या तसं उचलायचं नाही. 'चोरी' आणि 'अंधश्रद्धा' हे त्याचे शब्द आहेत. ते बाजूला ठेवा आणि प्रत्यक्षात काय घडलं तेवढंच बघा. मग दिसतं की साहेब एकाच गठ्ठ्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी बांधतोय.

पहिली गोष्ट मिशा जाळण्याची. मध्य भारतात वाघ मेल्याबरोबर त्याच्या मिशा जाळून टाकण्याची रीत होती. मेलेल्या वाघाचा आत्मा मागे लागू नये म्हणून, असं एक कारण त्या काळच्या वर्णनांत येतं. यामागे एक मोठी समजूत आहे. वाघाने मारलेल्या माणसाचं भूत त्या वाघाच्या डोक्यावर बसतं, त्याला वाट दाखवतं, शिकाऱ्यापासून सावध करतं. म्हणून गावात माणूस मेला की बैगा किंवा गुनिया येऊन विधी करायचा आणि त्या आत्म्याला जागेवर बांधून टाकायचा. माणूस पडला त्या ठिकाणी दगड मांडून वाघदेव बसवायचा. हे ध्यानात घेतलं की मेलेल्या वाघाच्या मिशा जाळणं हा त्याच कामाचा शेवटचा भाग वाटू लागतो. साहेबाची शिकार गोळी लागली तिथे संपते, गावाची मिशा जळाल्यावर.

दुसरं कारण अगदीच व्यवहारी आहे. वाघाची मिशी बारीक कापून अन्नात घातली तर माणूस मरतो, अशी पक्की समजूत होती. म्हणजे मिशा हे विष. कुणाच्या हाती लागायच्या आत त्या नष्ट केलेल्या बऱ्या. वैद्यकशास्त्राला यात तथ्य वाटणार नाही, पण आपला मुद्दा तो नाही. सगळ्यांदेखत विष जाळून टाकणाऱ्या गावाला चोर कसं म्हणायचं? जाळलेली वस्तू कुणी घरी नेत नाही. 'मिशा गेल्या' एवढंच साहेबाने लिहिलं असेल, तर त्या जळाल्या की नेल्या, हा फरक तुम्हाला शोधावा लागेल. प्रत्येक उताऱ्यापाशी हा प्रश्न विचारा. कंटाळवाणं काम आहे, पण प्रबंधातलं एक प्रकरण यातून उभं राहू शकतं.

तिसरी गोष्ट म्हणजे खरोखर नेलेल्या वस्तू. नखं लहान मुलांच्या गळ्यात बांधायला. चरबी सांधेदुखीवर चोळायला. आणि खांद्याजवळचं एक छोटं, वाकडं हाड. वाघाचं हे गळपट्टीचं हाड दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं, नुसतं स्नायूंमध्ये असतं. ते जवळ बाळगणं शुभ मानायचे. हे नेणारे लोक कोण होते? रान उठवणारे. ढोल-डबे वाजवत, हातात काठी घेऊन, जखमी वाघाच्या अंगावर चालत जाणारे हाकारे. मजुरी काही आणे, आणि वेठबिगार असेल तर तीही नाही. गावातल्या सामुदायिक पारधीत मारलेल्या जनावराचे वाटे पडतात, रान उठवणाऱ्यालाही वाटा मिळतो. त्या हिशोबाने नख आणि चरबी हा हाकाऱ्याचा वाटा होता. साहेबाच्या हिशोबात मात्र सगळा वाघ बंदूक चालवणाऱ्याचा. 'चोरी' हा शब्द या दोन हिशोबांच्या टकरीतून आलेला आहे. हा माझा अर्थ आहे, आणि तो तपासायला तुम्ही मोकळे आहात. पण तपासायचा तर वनहक्काच्या साधनांबरोबर ठेवून तपासा. महेश रंगराजन यांचं 'फेन्सिंग द फॉरेस्ट' (१९९६) याच मध्य प्रांताबद्दल, १८६० ते १९१४ या काळाबद्दल आहे. जंगल कुणाचं हा वाद आणि वाघ कुणाचा हा वाद शेजारी ठेवले की एकमेकांवर उजेड टाकतात.

या सगळ्यात मला सर्वांत मजेशीर वाटतं ते पुढचं. ज्या नखांवरून साहेब गावकऱ्यांवर डाफरायचा, तीच नखं तो सोन्यात मढवून घेऊ लागला. वाघनखांचे ब्रोच, लॉकेटं, नेकलेस ही व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडात चक्क फॅशन होती. ते शुभ हाडसुद्धा सोडलं नाही, त्यालाही सोन्याची चौकट आली आणि ते मेमसाहेबांच्या कपड्यांवर जाऊन बसलं. गोंड-कोरकूंच्या पोराच्या गळ्यात दिसली ती अंधश्रद्धा आणि मेमसाहेबांच्या गळ्यात दिसलं ते स्मृतिचिन्ह. रीत खालून वर कशी जाते आणि जाता जाता नाव कसं बदलते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण सहसा मिळत नाही.

सरकारचीही एक खूण होती, ती पटकन सांगतो. वाघ, बिबटे, लांडगे मारल्याबद्दल बक्षीस मिळायचं आणि त्यासाठी पुरावा म्हणून जनावराचं कातडं किंवा मुंडकं कचेरीत दाखवावं लागायचं. इथे कातडं भिंतीवर न जाता सरकारी तक्त्यातला आकडा बनतं. रंगराजन यांनी दिलेला अंदाज असा की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभरात ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे बक्षिसासाठी मारले गेले. हे नोंदवले गेलेले आकडे आहेत. नागपुरात बसून काम करणाऱ्यांसाठी हा धागा सोयीचा आहे, कारण बक्षिसाच्या कागदांत देशी शिकाऱ्यांचा माग लागण्याची शक्यता शिकारकथांपेक्षा जास्त.

आणि पारधी? विदर्भात फासेपारध्यांची वस्ती मोठी. तित्तिर-लाव्यांपासून हरणापर्यंत फास्यात धरणारे हे कसबी लोक. साहेबाची शिकार झाली 'स्पोर्ट', यांची झाली गुन्हेगारी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने शिकारीवर जगणाऱ्या अशा जमातींवर शिक्का मारला आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदोपत्री तो पुसला गेला. पारध्याच्या घरातलं पीस किंवा शिंग कुणी ट्रॉफी म्हणून मोजलं नाही. पोलिसांच्या नजरेला तो मुद्देमाल.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, शिकार राहिली. नागपूरच्या विद्यार्थ्यांनी इथे कान द्यावा, कारण हे प्रकरण आपल्या शहरात घडलं. १९५० च्या दशकात परदेशी शिकाऱ्यांना मध्य भारताच्या जंगलात घेऊन जाणारी एक नामांकित कंपनी नागपुरात सुरू झाली, अ‍ॅल्विन कूपर. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, १९५६ पर्यंत. कंपनी सुरू करणारे विद्याचरण शुक्ल इथल्याच मॉरिस कॉलेजचे, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक शासकीय संस्थेचे, पदवीधर. १९५७ मध्ये ते लोकसभेवर गेले. पुढे आणीबाणीतले माहिती व नभोवाणी मंत्री म्हणून लोकांच्या लक्षात राहिले आणि शिकार कंपनी विस्मरणात गेली. या काळातल्या गिऱ्हाइकांमध्ये अमेरिकन पुष्कळ. घरी टर्कीची शेपटी भिंतीवर लावणारा माणूस आता वाघाचं कातडं न्यायला येत होता, फरक इतकाच की इथे खुणेची किंमत आधी डॉलरमध्ये ठरलेली असायची. रान उठवायला माणसं मात्र जंगलालगतच्या गावांतलीच. हा काळ कुणीतरी पीएच.डी.साठी घ्यावा असं मला मनापासून वाटतं. वसाहतकाळावर ढीगभर लिहिलं गेलंय, पण १९४७ ते १९७० यावर मराठीत फार थोडं, आणि तेव्हाचे हाकारे जिवंत असतील तर आज ते चांगलेच वयस्कर झालेले असणार. मौखिक इतिहासाच्या प्रकल्पाला आपण पाच वर्षांनी आरामात हात घालू, असं म्हणून चालणार नाही.

१९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली. ९ सप्टेंबर १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प. पहिल्या नऊ प्रकल्पांत आपला मेळघाट होता. हे सगळं स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात आहे. पुस्तकात नसतं ते म्हणजे या कायद्यातली 'ट्रॉफी'ची व्याख्या. कलम २ मध्ये ती वाचा. गालिचा, कातडं, भुसा भरलेलं जनावर इथून सुरू होऊन ती हाड, शिंग, केस, पीस, नख, दात इथपर्यंत जाते. म्हणजे बंगल्यातलं अख्खं कातडं आणि झोपडीतल्या पोराच्या गळ्यातलं एक नख, कायद्याच्या नजरेत दोन्ही ट्रॉफी. शंभर वर्षांत पहिल्यांदाच दोघांच्या खुणेला एकच नाव मिळालं.

नाव एक झालं, वागणूक एक झाली का? जुनी ट्रॉफी बाळगायची तर ती जाहीर करून मालकीचं प्रमाणपत्र घ्यायचं होतं. २००३ च्या नियमांनी राहिलेल्यांना १८० दिवसांची आणखी एक संधी दिली. आता विचार करा, राजवाड्यात, बंगल्यात, क्लबात वकील होते, फाइली होत्या, कातड्यामागे तारीख-ठिकाण लिहिलेलं होतं. आजोबांनी हाक्याला जाऊन मिळवलेल्या नखाची पावती कुणाकडे असणार? साहेबाची खूण कागदासकट तयार झालेली, म्हणून ती कायद्यातून सहीसलामत पार पडते. हाकाऱ्याची खूण कागदाशिवायची, ती गुन्हा ठरते. वाघ वाचवायला हा कायदा हवाच होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण आजही नखांसाठी वाघ मारले जातात. पण आर्काइव्हमध्ये कोण येतं आणि कोण बाहेर राहतं याचे परिणाम संशोधकाच्या तळटीपेपुरते नसतात. ते पुढे पोलीस ठाण्यापर्यंत पोचतात.

आता अगदी अलीकडचं. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसांच्या मृत्यूला जबाबदार धरलेली टी-१ वाघीण, जिला बरेच जण अवनी म्हणतात, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारली गेली. बोराटी आणि आसपासच्या गावांत लोकांनी फटाके फोडले, मिठाई वाटली. शहरांत मेणबत्त्या घेऊन निषेध झाला. तेव्हा गावकऱ्यांच्या फटाक्यांवर पुष्कळ जणांनी नाकं मुरडली. ज्यांनी दोन वर्षं शेतावर जायला भीती बाळगली त्यांना हायसं वाटणं नैसर्गिक होतं, हे आपण सहज मान्य करू. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक पाहावं: मिशांना हात लावायची सोय राहिलेली नसताना शिकार संपल्याची खूण गावाने फटाक्यांनी केली. वाघिणीचं शव तोवर नागपूरला, गोरेवाड्याला शवविच्छेदनासाठी रवाना झालं होतं.

मेलेल्या वाघाचं पुढे काय करायचं, हे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने ठरवून दिलं आहे. शवविच्छेदन होतं, नमुने घेतले जातात आणि मग समितीसमोर कातड्यासकट सगळा देह जाळला जातो. कुणाच्याच भिंतीवर काही जायचं नाही, म्हणून. त्याआधी पंचनामा होतो. विदर्भात वाघ मेल्याची बातमी आली की वनाधिकाऱ्यांच्या निवेदनात एक वाक्य जवळपास ठरलेलं असतं: सर्व अवयव शाबूत आहेत, दात, नखं, मिशा. त्या वाक्यामागचा कागद मागवा, माहितीच्या अधिकारात मिळू शकतो. नखांची संख्या बघा, मिशांची नोंद बघा, आणि खाली पंच म्हणून कुणाच्या सह्या किंवा अंगठे आहेत, ते कुठल्या गावचे, तेही उतरवून घ्या.